आक्का, तुझं मीठ सरलंच नव्हतं

आक्का,

हे तुझा नातू तुला मोबाइलवर वाचून दाखवील. सावकाश वाच म्हणावं त्याला, आणि तूही मधेच "गप रे, काय लिवतोय ह्यो" म्हणून त्याला थांबवू नकोस. तोंडावर सांगायला मी दोनदा आलो होतो. पहिल्यांदा तू मला कोंबड्या कोंडायला लावलंस, दुसऱ्यांदा फणस कापायला बसवलंस. डिंक हाताला लागल्यावर माणूस आभारबिभार काय मानणार! म्हणून चारचौघांत लिहितोय.

यंदा, २०२५ला, मे महिन्यातच पाऊस कोसळला, ते तुला सांगायला नको. २५ मेला मान्सून कोकणात पोचल्याचं जाहीर झालं, पण आपल्या वाडीतली खळी त्याच्या चार दिवस आधीपासूनच वाहत होती. एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यातला पाऊस, त्यामुळे सगळ्यांची आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, अजून उन्हातच होती. सुकट, मिरच्या, आमसुलं, सगळं खळ्यात. ही म्हणाली, "आक्का एकटी आहे, धावा आधी." मी आलो तेव्हा तू चादरीची दोन टोकं धरून उभी होतीस आणि उरलेली दोन कोण धरणार म्हणून माझीच वाट बघत असल्यासारखी बघत होतीस. चादरीसकट आमसुलं उचलून माजघरात आणली. लाईट अर्थातच गेलेली. अंधारात माझा पाय एका मडक्याला लागला आणि वरची थाळी सरकली.

आत जाडं मीठ, काठोकाठ. शेजारच्या मडक्यातही मीठ. तिसऱ्यातलं कोकमाच्या आगळासाठी काढून अर्धं झालेलं.

"एवढं मीठ, आक्का?"

"मंग? आमसुलं हायत, आगळ हाय, खारातल्या कैऱ्या हायत. चैताला गोणी घेतंय मी. मीठ सरून चालतंय व्हय?"

"दर वर्षी?"

"सासूपास्नं."

तू पुढे चुलीकडे गेलीस. मी मात्र तिथेच उभा राहिलो. कारण पाच वर्षांपूर्वी, ७ जून २०२० रोजी, रविवारी सकाळी तू आमच्या पडवीत आली होतीस आणि म्हणाली होतीस, "वायच मीठ दे रे. माजं सरलंय."

आता वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगतो. तू तेवढा वेळ सुपारी कातर.

आम्ही २०२०च्या मे महिन्यात, करोनाच्या टाळेबंदीत, गावी आलो. लोअर परळचा छपाईचा कारखाना बंद पडला होता, भाड्याची खोली परवडेना. चौदा दिवस शाळेत काढले. चाकरमानी म्हणजे पिशवीत रोग घेऊन आलेला माणूस, अशी तेव्हाची हवा. ज्या भावकीला गणपतीत आम्ही पेढ्यांचे बॉक्स वाटायचो, त्यांनी सामायिक पाणंदीवर काट्या टाकल्या. मी मात्र मनात मोठा बेत घेऊन आलो होतो. आता कुणाच्या नोकरीवर जगायचं नाही, घरचं पिकवायचं, घरचं खायचं, लाईटसुद्धा घरची. वहीत यादी केली होती. तालुक्याचा एक सोलरवाला छपरावर चढून मापं घेऊन गेला, अठरा हजार आगाऊ घेऊन गेला, आणि त्यानंतर त्याचा फोन फक्त वाजत राहिला. बियाणं मी चकचकीत पाकिटांतलं मागवलं होतं. त्याची काकडी पहिल्या वर्षी झकास झाली. तिचंच बी धरून दुसऱ्या वर्षी लावलं तर वेलावर नाना तऱ्हा, दोन फळं एकमेकांसारखी नाहीत. संकरित बियाण्याचं ते असंच असतं, धरलेल्या बियातून मूळ वाण पुन्हा उतरत नाही. पाकिटावर मोठ्या अक्षरांत बरंच काही होतं, हे सोडून.

आणि ३ जूनला निसर्ग वादळ आलं. नाव ठेवणाऱ्याला काय म्हणावं! श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्याला चढलं आणि दापोली-मंडणगडचं जे केलं ते ज्यांनी पाहिलं त्यांनाच ठाऊक. दुपारपर्यंत आमच्या घराची अर्धी कौलं परड्यात. तुझ्या वाडीतल्या पोफळी एकावर एक आडव्या, काड्यापेटी सांडावी तशा. तू तेव्हा रडली नाहीस. नंतर मला म्हणालीस, "माड लावला की सा-सात वर्सं थांबाय लागतंय. माजं वय बग नि माडाचं बग." पण त्या पावसात तू रोपं लावलीस.

लाईट गेली ती साडेतीन आठवडे आली नाही. आमच्या विहिरीवर वडिलांनी पंप बसवला तेव्हा कप्पी काढून भंगारात घातली होती. पंप मुका. मी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी रंगाच्या रिकाम्या बादलीला बांधली आणि विहिरीत सोडली. तिसऱ्या खेपेला बादली विहिरीत राहिली, कडी तेवढी वर आली. तू कुंपणापलीकडून बघत होतीस. "दोर देऊ काय?" म्हणालीस. मी म्हटलं, "नको आक्का, उद्या लाईट येईल." दुसऱ्या दिवशी तांदळाची पेज घेऊन आलीस. "नको, आहे आमच्याकडे." तिसऱ्या दिवशीही तेच.

आमच्याकडे काय होतं ते आम्हालाच माहीत. पण मी 'नको' का म्हणत होतो ते तुला सांगितलं नव्हतं, आज सांगतो. वादळानंतर लगेच एक गाडी आली होती मदत घेऊन. तांदूळ, तेल, मेणबत्त्या, एक पॅकेट पार्ले-जी. देणाऱ्यांपैकी एकाने मला ते किट हातात धरायला लावलं, मग म्हणाला, "जरा इकडे बघा. नीट नाही आला, पुन्हा. मुलीला पुढे घ्या ना." मुलगी नऊ वर्षांची. ती दाराआड गेली ती गाडी जाईपर्यंत बाहेर आली नाही. तांदूळ चांगला होता, नाही म्हणत नाही. पण त्या रात्री तिने बिस्किटाला हात लावला नाही आणि मी ठरवलं की आता कुणाचं काही घ्यायचं नाही.

तर अशा घराच्या पडवीत तू रविवारी सकाळी आलीस, डोक्यावर पानांचं इरलं, हातात काही नाही. "वायच मीठ दे रे. माजं सरलंय."

माझ्या मुलीने उडी मारली. खोटं नाही सांगत. चार दिवस जे घर लोकांच्या दयेवर होतं, त्या घराकडे कुणीतरी काहीतरी मागायला आलं होतं आणि ते घरात होतं! तिने स्टीलची वाटी घेतली, पुडीतलं मीठ शिगोशीग भरलं, वर बोटाने दाबून आणखी भरलं. तू ती वाटी पदराखाली धरून पावसातून गेलीस.

संध्याकाळच्या आत वाटी परत आली. तिच्यात कुळीथ होते. शेजारणीची वाटी रिकामी परत करू नये, ही रीत आमच्या हिला मुंबईच्या चाळीतही माहीत होती. म्हणजे नको म्हणायची सोयच राहिली नाही. तू दिलं नव्हतंस काही, तू फक्त वाटी परत केली होतीस. जाता जाता म्हणालीस, "सगळं नको खाव. मूठभर ठेव. भात कापलास का त्याच रानात टाक, पाणी लागत नाय त्याला."

ज्या बाईच्या माजघरात तीन मडकी मीठ होतं, तिने माझं वाटीभर पुडीतलं मीठ नेलं. पाच वर्षं मला कळलं नाही. खाल्ल्या मिठाला जागणारे पाहिले होते, पण गरज नसताना मीठ मागणारी तूच. मी तुझ्या मडक्यापाशी उभा होतो त्या दिवशी मला रडू आलं. पाऊस होता म्हणून निभावलं. माजघरात पाऊस कुठून येणार म्हणशील. तुझं कौल गळत होतं, ते मागच्या आठवड्यात मी बदललं.

त्या मुठीचं पुढे काय झालं ते तुला माहीत आहे. कार्तिकात, भात काढल्यावर, जमिनीत ओल होती तोवर कुळीथ टाकले. यंदा सहा पायली झाले. पिठी वर्षभर पुरते, आणि मुंबईला मेहुणीकडे डबा जातो.

वाटीवरून सुरू झालेली ये-जा थांबली नाही. तू फुकट काही शिकवलं नाहीस, कायम काहीतरी मागायला म्हणून आलीस. कोयता मागायला आलीस आणि आमच्या न्हाणीचं पाणी आळवाकडे वळवून गेलीस. परड्यातलं अर्धं तवसं, म्हणजे गावठी मोठी काकडी, मागितलंस, आणि एक वेलावरच पिकून पिवळं होऊ दे, बियाला, म्हणून बजावून गेलीस. एकदा काय मागायला आली होतीस तेच विसरलीस आणि मग माझ्याकडे बघून हसलीस. तेव्हा तरी मला कळायला हवं होतं.

तुझ्या पडवीच्या भिंतीवर शेणाच्या चपट्या गोळ्या थापलेल्या असतात. आमची मुलगी त्यांना गोवऱ्यांची पिल्लं म्हणायची. मिरग लागला तशी तू त्यातली एक काढून तिच्या हातावर ठेवलीस, "फोड" म्हणालीस. तिने नाक मुरडून फोडली तर आत पडवळाचं बी, कोरडं ठणठणीत, राखेच्या रंगाचं. किडा नाही, बुरशी नाही. चकचकीत पाकिटात जे नव्हतं ते ह्या गोळीत होतं. आता आमच्याही भिंतीवर अकरा गोळ्या आहेत. पाहुणे आले की मुलगी त्यांना आधी त्याच दाखवते. नाक अजूनही मुरडते, पण पाहुण्यांना मुरडू देत नाही.

आमचं आता सगळं घरचं आहे असं कुणाला वाटायला नको. सात गुंठे भात तिघांना सहा महिने पुरतं, पुढचा तांदूळ दुकानातून येतो. तेल, चहा, साखर, सिलिंडर, सगळं विकत. एप्रिल सरता सरता विहीर तळ दाखवते, कारण आपला जांभा केवढाही पाऊस पिऊन खाडीला देऊन टाकतो. गेली तीन वर्षं पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घालतो, त्याने विहीर वीसेक दिवस जास्त टिकते. पाणंदीवर काट्या टाकणारे दोघेही त्यात गोण्या उचलायला असतात. मी बोलत नाही त्यांच्याशी अजून. गोण्या मात्र हातोहात देतो.

सोलर शेवटी बसलं, दुसऱ्या माणसाकडून, दोन बल्ब आणि मोबाइलपुरतं. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा ते बसलेलं नव्हतं, पण विहिरीवर कप्पी होती, कणगीत भात होतं, चुलीवरच्या माळ्यावर सुकट होती. तेव्हा मी पहिल्यांदा शांत झोपलो. त्याच जुलैत चिपळूण बुडालं, तेव्हा आपल्या वाडीतून तांदूळ, सुकट आणि आमसुलं गेली. तू टेम्पोवाल्याला म्हणालीस, "देताना त्येंच्या तोंडाकडं बगू नको रे." मला तेव्हा वाटलं, म्हातारीचा काहीतरी सोवळेपणा. आता कळतं.

चांगली माणसं आहेत ग सगळीकडे. शाळेत होतो तेव्हा एक आरोग्यसेविका रोज दुपारी मुलीसाठी करवंदं आणायची आणि खिडकीत ठेवून काही न बोलता जायची. बोंबाबोंब करणाऱ्यांपेक्षा अशी माणसं संख्येने जास्त असावीत असं मला आता वाटायला लागलंय, फक्त ती दिसत नाहीत, कारण ती इरल्याखाली असतात. असो. हे तुला आवडायचं नाही, पुढे वाचायला सांग.

कामाचं शेवटी लिहितो. यंदा मी शहाणपणा केला. तुझं बघून मीही चैत्रात जाड्या मिठाची गोणी आणली आणि मडक्यात न भरता पडवीत तशीच ठेवली. मेच्या पावसाने तिचं पाणी पाणी केलं, अर्धी गोणी पायरीवरून वाहून गेली. मासेमारी १ जूनपासून बंद, त्याआधी हर्णैहून आणलेले बांगडे हिने खारवायला काढले आणि गोणी खरवडायची वेळ आली.

तेव्हा उद्या सकाळी वाटी घेऊन येतोय. तिन्हीसांजेला मीठ देत नाहीत, माहीत आहे मला. वाटी तीच आहे, स्टीलची.

आमचं मीठ खरंच सरलंय.

तुझा,
कुंपणापलीकडचा चाकरमानी