माती खाणारीला रागवण्याआधी विचारा

महोदय,

'माती खाल्ली' म्हणजे घोळ घातला, नाव घालवलं, हा अर्थ आपल्या भाषेतच मुरलेला आहे. म्हणून जी खरोखर माती खाते, ती कुणापाशी बोलत नाही. माझी धाकटी बहीण दुसऱ्या खेपेला गरोदर असताना तिच्या उशीच्या अभ्र्यात पांढऱ्या मातीचे खडे सापडले. सगळे झोपले की ती एक खडा दाढेखाली धरायची. "पहिल्या पावसाचा वास येतो ना, तो गिळावासा वाटतो," असं मला म्हणाली. घरच्यांनी आधी हसण्यावारी नेलं, मग आरडाओरडा केला. तिनं माती सोडली नाही, लपवायची जागा तेवढी बदलली.

पुढे वाचत गेलो, तेव्हा कळलं की ही एकटीदुकटीची खोड नाही. दक्षिण अमेरिकेतल्या ओरिनोको नदीकाठचे ओटोमाक लोक पुराच्या दिवसांत मासे मिळेनासे झाले की चिकणमाती खात, हे जर्मन संशोधक हुम्बोल्टनं १८०० साली पाहिलं होतं. अँडीज पर्वतात कडू बटाट्यांतलं विष बाधू नये म्हणून ते मातीच्या कालवणाबरोबर खातात. पश्चिम आफ्रिकेत गरोदर बायका मळमळीवर मातीचे भाजके खडे चघळतात. हैतीत माती, मीठ आणि वनस्पती तूप मळून उन्हात वाळवलेल्या चकत्या खातात. त्याला मात्र प्रथा म्हणायला माझी जीभ धजत नाही. ती भूक आहे.

केओलिन ही पांढरी माती जुलाबाच्या औषधांत वापरली जायची, तेव्हा 'पूर्वजांना कळत होतं' असं कुणी म्हणेल. पण खड्यात नुसतं केओलिन असतं असं नाही. नायजेरियातल्या 'न्झू' नावाच्या खड्यांत शिसं आणि आर्सेनिक सापडल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २००९ मध्ये गरोदर बायकांना ते न खाण्याचा इशारा दिला. शिसं वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि मेंदूच्या वाढीला बाधतं. माती भाजली तर जंतांची अंडी मरतील. शिसं कुठे जाणार? शिवाय काही प्रकारची चिकणमाती पोटातलं लोह धरून ठेवते. मुळात रक्त कमी असलेल्यांतच ही ओढ जास्त दिसते. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

बहिणीचं हिमोग्लोबिन आठच्या खाली होतं. दोनदा तपासून झालं, लोहाच्या गोळ्या लिहून मिळाल्या, पण असं काही खातेस का, हे कुणी विचारलंच नाही. आणि ती आपण होऊन सांगणार नव्हतीच. आपल्या आरोग्यविषयक पानावर डॉक्टरांकडून यावर लिहून घ्यावं, ही विनंती. रक्त कमी असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला हा प्रश्न विचारायला हवा, तोही घरचे समोर नसताना. तिसऱ्या तपासणीला वजन घेताना एका नर्सनं कागदावरून मान वर न करता सहज विचारलं, "माती, खडू, कोळसा, काही खावंसं वाटतं का गं?" बहीण लगेच "हो" म्हणाली.

– एक वाचक