पाळीव कोण?

मा. संपादक,
स. न.

‘माणसाने वनस्पतींना पाळीव केले’ हे वाक्य जीवशास्त्राच्या उत्तरपत्रिकांत मी ३० वर्षे तपासले, गुणही दिले. आता निवृत्तीनंतर ते अर्धेच बरोबर वाटते.

मक्याचे कणीस घ्या. दाणे इतके घट्ट बसलेले, वर पानांचे आवरण. कणीस तसेच जमिनीवर पडले तर सगळे दाणे एकाच जागी उगवून एकमेकांचा गळा घोटतील. सोलायला, पेरायला माणूस हवाच. त्याचा मेक्सिकोतला रानटी पूर्वज टिओसिन्टे मात्र मोजकेच, टणक कवचातले दाणे धरतो आणि पिकले की स्वतःच गाळतो. सुमारे ९,००० वर्षांच्या निवडीने हा फरक घडला. म्हणजे मका आपल्यावाचून जगू शकत नाही.

पण आपले काय? लाळेतले अमायलेज हे विकर (एन्झाइम) पिष्टाचे पचन तोंडातच सुरू करते. पिष्टमय आहार घेणाऱ्या समाजांत त्याच्या जनुकाच्या प्रती सरासरीने जास्त आढळतात. म्हणजे खाण्याने आपल्यालाही बदलले असावे.

राय हे गव्हासारखे धान्य तर सर्वांत धूर्त (हा शब्द वर्गात वापरला असता तर मीच लाल रेघ मारली असती!). मूळचे हे गव्हाच्या शेतातले तण. निंदणाऱ्यांनी गव्हासारखी न दिसणारी रोपे उपटली, राहिली ती गव्हासारखी दिसणारी. असे होत होत तणाचेच पीक झाले, असे रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांनी मांडले. ते तण पाळायचे कुणी ठरवलेच नव्हते.

पाठ्यपुस्तक मंडळींनी त्या वाक्यात निदान ‘परस्परांना’ एवढा शब्द तरी घालावा.

— एक निवृत्त शिक्षिका