टीबीची नोंद होते, धुळीच्या आजाराची कोण करणार?

संपादक महोदय,
टीबीमुक्त ग्रामपंचायतींच्या बातम्या तुमच्या पेपरात अधूनमधून येतात, त्या वाचून हे लिहितोय. माझं तालुक्याच्या गावी मेडिकल आहे आणि आजूबाजूला खडी क्रशर भरपूर. टीबीच्या गोळ्या विकल्या की पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिल्या सगळं वेगळ्या रजिस्टरला लिहावं लागतं आणि 2018 पासून आम्हा केमिस्टवाल्यांनापण ते सरकारला कळवणं कंपल्सरी आहे. टीबी 2012 लाच नोटिफायेबल (म्हणजे सरकारला कळवायलाच हवा असा) झाला, नोंदीसाठी निक्षय नावाचं सरकारी पोर्टल आलं, प्रायव्हेट डॉक्टरला नोंदीचे 500 रुपये मिळतात, लपवलं तर केस होऊ शकते. कटकट आहे पण चांगलंय, तक्रार नाही.

पण क्रशरवरचा माणूस येतो तेव्हा काय होतं बघा. खोकला, दम, वजन उतरलेलं, एक्सरेत डाग, म्हणजे टीबीच. सहा महिन्यांचा कोर्स होतो, दम जात नाही, मग दुसरा डॉक्टर आणि परत त्याच गोळ्या. आता दगडातल्या सिलिकाची धूळ छातीत बसलेल्याला टीबी पटकन धरतो हे खरंय, त्यामुळे काहींना दोन्ही असतात, पण ज्याला नुसता सिलिकोसिस, म्हणजे या धुळीचाच आजार आहे त्याला या गोळ्या देऊन काय होणार? फुफ्फुस परत पहिल्यासारखं करणारं औषधच नाहीये, धुळीतून बाहेर काढणं हाच इलाज.

आणि सिलिकोसिस कळवायचा नियम काय आजचा नाही हो, 1948 च्या फॅक्टरी अ‍ॅक्टमध्येच कलम 89 होतं, तिसऱ्या शेड्यूलला 29 आजारांची यादी होती, शिशाची विषबाधा, अ‍ॅस्बेस्टॉस, कापसाच्या धुळीचा आजार, आवाजाने येणारा बहिरेपणा सगळं त्यात. कारखान्याच्या मॅनेजरने कळवायचं, शिवाय तपासणाऱ्या डॉक्टरनेपण कारखान्यांच्या चीफ इन्स्पेक्टरला रिपोर्ट पाठवायचा. नाही पाठवला तर त्या कायद्यात डॉक्टरला दंड किती होता, जास्तीत जास्त हजार रुपये! त्याच्या जागी आलेल्या नवीन लेबर कोडमध्येपण (कामगार कायद्यात) अशी यादी आहेच. पण बऱ्याच क्रशरवर माणसं इतकी कमी की कायद्याने तो कारखानाच ठरत नाही, माणसं मुकादमाची, मस्टरवर नाव नाही, आणि केसपेपरवर धंदा लिहिलेला असतो 'मजूर'. कसला मजूर ते कोणी विचारत नाही.

नोंद नसली की भरपाई पण नाही. 1923 च्या कामगार भरपाई कायद्यातही हा आजार बसत होता, पण सिलिकोसिस आहे असा कागद तर पाहिजे ना. राजस्थानने 2019 ला वेगळी पॉलिसी काढली, सर्टिफिकेट मिळालं की पेशंटला 3 लाख, माणूस गेला तर घरच्यांना अजून 2 लाख. आपल्याकडे निदान एवढं करा, टीबीच्या केसपेपरवर दगड, खडी, वाळूचं काम करतो का हा एक प्रश्न छापा आणि हो म्हणाला तर तो कागद नुसता आरोग्य खात्यातच न ठेवता कारखाने तपासणाऱ्या औद्योगिक सुरक्षा संचालनालयाकडे पण जाऊ दे, डॉक्टरला टीबीसारखेच 500 रुपये द्या, कारखाना लहान का मोठा ते नंतर बघा.

आपला,
एक मेडिकलवाला
(नाव छापू नये, गिऱ्हाइकं क्रशरवालेपण आहेत)