प्रत्येक कपातीचं घड्याळ वेगळं

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

सोमवारपासून त्या कारखान्याच्या पगारपत्रकाचं काम तू एकटी बघणार आहेस. परवा तू विचारलंस, "नियम बदलला की सॉफ्टवेअरमध्ये दर बदलायचा, एवढंच ना?" फोनवर त्याचं नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

दर बदलायला पाच मिनिटं लागतात. गोंधळ होतो तो हा दर कोणत्या काळाला लावायचा, इथे. पगारातल्या प्रत्येक कपातीचा आणि देण्याचा हिशेब वेगवेगळ्या मुदतीने मिटतो. पीएफचा (भविष्य निर्वाह निधीचा) हिशेब महिन्याचा, ईएसआयमध्ये (कामगार विमा योजनेत) कोण आत राहील ते सहा महिन्यांच्या हिशेबाने ठरतं, आयकर वर्षाचा आणि ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) तर माणूस नोकरी सोडेपर्यंत उघडीच. नवा नियम हातात आला की आधी हे बघ, की तो यातल्या कोणत्या घड्याळावर चालतो. आकड्याला हात त्यानंतर.

पीएफपासून सुरुवात कर, कारण तिथे चूक माफ होत नाही. कामगाराचे 12 टक्के, मालकाचे 12 टक्के, हे तुला पाठ आहे. मालकाच्या हिश्शातले 8.33 टक्के पेन्शन योजनेत जातात, तेही जास्तीत जास्त 15,000 रुपयांच्या वेतनावर. 15,000 चे 8.33 टक्के होतात 1,249.50, रुपयात पूर्ण करून 1,250. उरलेला पीएफचा भाग वजाबाकीने काढायचा: 15,000 चे 12 टक्के 1,800, त्यातून 1,250 वजा, म्हणजे 550. पुष्कळ ठिकाणी तो 3.67 टक्क्यांनी वेगळा गुणलेला असतो. मग 550.50 चे 551 होतात, बेरीज 1,801 येते आणि ईसीआर फाइल (पीएफचं महिन्याचं विवरण) चढवताना जुळत नाही. तीनशे कामगारांच्या यादीत तो एकेक रुपया शोधत बसावं लागतं. त्यामुळे सूत्र आधी तपास.

ही 15,000 ची मर्यादा 1 सप्टेंबर 2014 पासूनची आहे; त्याआधी ती 6,500 होती. तेव्हा कित्येक ठिकाणी सॉफ्टवेअरच्या मास्टरमध्ये (दर आणि मर्यादांच्या नोंदीत) 6,500 खोडून 15,000 टाकले गेले असणार. मग त्यानंतर कोणाची ऑगस्ट 2014 किंवा त्याआधीची थकबाकी निघाली, तर पेन्शनचा हिस्सा 541 यायला हवा तिथे 1,250 येतो. म्हणून जुना दर कधी खोडायचा नाही. त्याच्याखाली नवी ओळ घालायची आणि शेजारी लागू दिनांक. थकबाकी ज्या महिन्याची असेल त्या महिन्याची ओळ लागते, पैसे हातात पडले त्या महिन्याची नाही. ग्राहकाच्या सॉफ्टवेअरमध्ये लागू दिनांकाचा रकानाच नसेल, तर पहिल्या बैठकीतच ते सांग. त्याशिवाय पुढचं सगळं काम वाळूवरचं.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. मर्यादा बदलली की आत कोण आणि बाहेर कोण, हेही बदलतं. 1 सप्टेंबर 2014 नंतर जो पहिल्यांदाच सभासद झाला आणि ज्याचं पीएफ वेतन 15,000 च्या वर आहे, तो पेन्शन योजनेत येत नाही. मालकाचे सगळे 12 टक्के त्याच्या पीएफ खात्यात. सभासद 58 वर्षांचा झाला की त्याचाही पेन्शनचा हिस्सा थांबतो आणि पीएफकडे वळतो. जन्मतारीख चुकीची भरलेली असेल तर ही गोष्ट दोन-तीन वर्षांनी, त्याच्या पेन्शनच्या अर्जाच्या वेळी उघड होते. तोवर पैसे चुकीच्या खात्यात पडलेले असतात आणि ते परत वळवायला त्या बिचाऱ्याला खेटे घालावे लागतात. पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांची जन्मतारीख आधारशी आणि यूएएनशी (पीएफच्या कायम क्रमांकावरच्या नोंदीशी) ताडून घे, हे मी आग्रहाने सांगते.

गैरहजेरीच्या दिवसांचंही बघ. 30,000 वेतनाचा कामगार अर्धा महिना बिनपगारी राहिला, तर त्याचं वेतन 15,000 झालं आणि पीएफ 15,000 वरच. काही जण मर्यादेलाही दिवसांच्या प्रमाणात कात्री लावून 7,500 वर कापतात. मर्यादा महिन्याची आहे, ती दिवसांनी कमी होत नाही.

पीएफमध्ये चूक माफ नाही म्हणाले ते अशासाठी, की कामगाराचा हिस्सा त्याच महिन्याच्या पगारातून कापायचा असतो. कापायचा राहिला तर पुढच्या पगारातून सहसा कापता येत नाही; निव्वळ नजरचुकीने राहिला असेल तरच, तेही निरीक्षकाच्या लेखी संमतीने. म्हणजे तुझ्या सेटिंगमध्ये कपात कमी झाली की तो भार मालकाच्या खिशावर येतो. वर भरणा पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत हवा. उशीर झाला तर वार्षिक 12 टक्के व्याज आणि शिवाय नुकसानभरपाई. ती जून 2024 पासून दरमहा 1 टक्का आहे.

आता "वेतन" या शब्दाकडे येते. पूर्वी पगाराचे वीस तुकडे करून बेसिक (मूळ वेतन) लहान ठेवायची पद्धत होती. फेब्रुवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जो भत्ता सर्वांना सरसकट आणि नेहमीच मिळतो, तो पीएफसाठी मूळ वेतनातच धरायचा. आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतली वेतनाची व्याख्या लोक "बेसिक पन्नास टक्के हवं" एवढ्यावर आटपतात. व्याख्या तसं म्हणत नाही. घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, कमिशन, ओव्हरटाइम, मालकाचा पीएफ हिस्सा अशा काही बाबी वेतनातून वगळल्या आहेत. पण या वगळलेल्या बाबी मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेल्या, तर वरचा भाग पुन्हा वेतनात मिसळायचा.

समज, एकूण मोबदला 40,000. त्यात बेसिक 14,000, घरभाडे 12,000, प्रवास 7,000, कमिशन 5,200 आणि मालकाचा पीएफ 1,800. वगळलेल्या बाबी झाल्या 26,000. निम्मे म्हणजे 20,000. वरचे 6,000 बेसिकमध्ये मिळवले की वेतन 20,000. पगाराच्या चिठ्ठीवर बेसिक 14,000 च राहू शकतं, पण ग्रॅच्युइटी 20,000 वर. दहा वर्षांच्या नोकरीला 15 भागिले 26 च्या सूत्राने 14,000 वर 80,769 रुपये येतात, 20,000 वर 1,15,385. हा फरक माणूस नोकरी सोडेल तेव्हा द्यायचा असला, तरी मालकाच्या ताळेबंदात त्याची तरतूद आजच करावी लागते. हे त्यांच्या अकाउंटंटला आधीच सांग, वर्षअखेरीला त्याला धक्का बसायला नको. कमिशन आणि ओव्हरटाइम दर महिन्याला हलतात, त्यामुळे निम्म्याची ही तपासणीही दर महिन्याला चालायला हवी. एकदाच करून ठेवलेली पुरत नाही.

म्हणून पगाराच्या प्रत्येक घटकासमोर एकच "बेसिक आहे की नाही" अशी खूण पुरत नाही. पीएफ, ईएसआय, ग्रॅच्युइटी, व्यवसाय कर, आयकर अशा पाच वेगळ्या खुणा हव्यात. ओव्हरटाइमचंच घे: संहितांआधीच्या ईएसआय कायद्यात 21,000 ची मर्यादा तपासताना तो धरत नसत, पण वर्गणी कापताना मात्र धरत.

ईएसआयमध्ये सहा महिन्यांचं घड्याळ लक्षात ठेव: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. जूनमध्ये कोणाचा पगार 22,000 झाला, तरी तो 30 सप्टेंबरपर्यंत योजनेतच राहतो आणि कपात पूर्ण 22,000 वर, त्याचे 0.75 टक्के आणि मालकाचे 3.25. सॉफ्टवेअर जूनमध्येच त्याला बाहेर काढत असेल तर घरातल्या आजारपणात त्याचं कार्ड चालणार नाही. ही चूक माणसाला लागते, तिला किरकोळ समजू नकोस. व्यवसाय कराचं (नोकरीधंद्यावरच्या राज्याच्या कराचं) फार लिहीत नाही. महाराष्ट्रात फेब्रुवारीत वेगळे कापायचे 300 आणि 25,000 पर्यंत पगार असलेल्या महिलांना 1 एप्रिल 2023 पासूनची सूट, एवढं लागलंय का ते पाहा.

आयकराचा स्वभाव मात्र उलटा. तो वर्षाचा असल्यामुळे स्वतःला सावरून घेतो. 2024 मध्ये अर्थसंकल्प जुलैत आला. नव्या करप्रणालीत प्रमाणित वजावट (पगारदाराला सरसकट मिळणारी) 50,000 वरून 75,000 झाली, टप्पेही बदलले, आणि हे सगळं एप्रिलपासूनच्या पूर्ण वर्षाला लागू. 12 लाख पगाराच्या माणसाचा वर्षाचा कर आधी 85,800 होत होता, म्हणजे महिन्याला 7,150. नव्या हिशेबाने तो 71,500 झाला. चार महिन्यांत 28,600 कापून झाले होते. उरले 42,900, ते आठ महिन्यांत विभागले की 5,363 च्या आसपास. मागचे महिने उघडायचे नाहीत, जुनी चलनं बदलायची नाहीत. पण सॉफ्टवेअर "वर्षाचा कर भागिले बारा" करत असेल तर हे सावरणं होतच नाही. "उरलेला कर भागिले उरलेले महिने" असंच सूत्र हवं.

2025-26 च्या नियमांत एक निसरडी जागा आहे. नव्या प्रणालीत पगारदाराला 12,75,000 पर्यंत कर नाही, कारण वजावटीनंतर 12 लाखांपर्यंत पूर्ण सूट मिळते. मार्चमध्ये बोनस आला आणि करपात्र रक्कम 12,10,000 झाली, तर नुसत्या टप्प्यांनी कर 61,500 येतो. प्रत्यक्षात कर 12 लाखांवरच्या 10,000 पेक्षा जास्त घेता येत नाही. सेस (करावरचा उपकर) धरून 10,400. ही मर्यादा, म्हणजे सीमांत सवलत, सॉफ्टवेअरमध्ये बसवलेली नसेल तर दहा हजारांच्या बोनसपायी माणसाचे साठ हजार कापले जातील. हे एक उदाहरण घालून स्वतः चालवून बघ.

मोठ्या पगारांसाठी निवृत्तीच्या वर्गणीचा नियम कराला जाऊन भिडतो. 2024 च्या त्याच बदलात खासगी मालकाने एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) भरलेल्या रकमेची वजावट नव्या प्रणालीत 10 वरून 14 टक्के झाली. बेसिक अडीच लाख असेल तर वर्षाचे 30 लाख. त्यावर मालकाचा पीएफ 3,60,000. एनपीएस 10 टक्क्यांनी 3,00,000, बेरीज 6,60,000. एनपीएस 14 टक्के केला की 4,20,000 आणि बेरीज 7,80,000. मालकाच्या पीएफ, एनपीएस आणि सुपरअॅन्युएशन (कंपनीचा निवृत्ती निधी) मिळून साडेसात लाखांवर जे जातं ते करपात्र होतं, म्हणजे इथे 30,000, शिवाय त्या जादा रकमेवर साठणारी वाढही. वर्षाच्या मधे आलेल्या माणसाच्या आधीच्या मालकाची वर्गणीही या साडेसात लाखांत मोजायची असते, आणि नेमकी तीच माहिती कोणी मागत नाही. रुजू होतानाच्या फॉर्मवर तो रकाना घालून घे. शिवाय जुनी प्रणाली निवडणाऱ्याला खासगी नोकरीत 10 टक्क्यांचीच वजावट मिळते. 14 टक्क्यांचा पर्याय देण्याआधी त्याला हे लेखी कळव. कोणती प्रणाली हवी हे कर्मचाऱ्याने सांगितलंच नाही, तर नवी धरायची.

1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा 2025 लागू आहे. पगारावरच्या टीडीएसचं (मालकाने कापून भरायच्या आयकराचं) कलम 192 होतं ते 392 झालं, आणि "कर वर्ष" हा एकच शब्द आला. मार्च 2026 पर्यंत कापलेल्या कराचं विवरण मात्र जुन्याच चौकटीत. दोन्ही साचे काही काळ शेजारी शेजारी ठेवावे लागतील. जुने नमुने कोणी काढून टाकले असतील तर आधी परत बसवून घे.

प्रत्यक्ष बदल करताना दोन महिने जुना आणि नवा हिशेब समांतर चालव. चाचणीसाठी माणसं निवडून घे: बरोबर 15,000 वाला आणि 15,001 वाला, महिन्याच्या मधे रुजू झालेला, 58 पूर्ण करणारा, बिनपगारी रजेवरचा, थकबाकी मिळालेला, पॅन न दिलेला, नुकताच राजीनामा दिलेला. या शेवटच्याचा हिशेब आता दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा आहे, तेव्हा त्याचं गणित महिनाअखेरीवर ढकलता येणार नाही. मग दोन्ही हिशेबांतला निव्वळ पगाराचा फरक एका तक्त्यात घे आणि प्रत्येक फरकासमोर एका ओळीत कारण लिही. कारण लिहिता आलं नाही तर पगार लॉक करू नकोस, मालकाचा कितीही फोन आला तरी.

आणि कामगारांना पगाराच्या दिवसाआधी चिठ्ठी जाऊ दे, साध्या मराठीत: कापलेली रक्कम किती वाढली, कशामुळे, आणि ती कोणत्या खात्यात दिसेल. हातात येणारा आकडा न सांगता कमी झाला की माणूस घाबरतो, आणि त्याचं घाबरणं रास्तच असतं.

जेवणाच्या वेळा सांभाळ.

तुझी,
आई

ता. क. : टीडीएस पुढच्या महिन्याच्या 7 तारखेला भरायचा, पण मार्चचा 30 एप्रिलपर्यंत. तुझ्या यादीत मार्चसमोर 7 तारीख लिहिलेली दिसली, ती दुरुस्त कर.