उपचार कुठवर करावेत, हे तुमच्याच शब्दांत हवे आहे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गेल्या महिन्यात बाबांनी मृत्युपत्राची प्रत माझ्या हाती दिली, तेव्हा मनात आलेला प्रश्न विचारण्याचा धीर झाला नाही, म्हणून लिहीत आहे. घर कोणाला द्यायचे हे तुम्ही नोंदवून ठेवले आहे. पण ज्या दिवशी तुम्हाला बोलून सांगता येणार नाही, त्या दिवशी उपचार कुठवर करावेत, याविषयी कुठेच काही नाही. ते वेगळे, वैद्यकीय इच्छापत्रात, लिहून ठेवावे असे मला वाटते.

आई, तू म्हणतेस, "तेव्हा तुम्हाला योग्य वाटेल ते करा." त्यामागचा विश्वास मला कळतो. परंतु २००६ साली अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले, तेव्हा रुग्णाला कोणते उपचार हवे असतील याविषयी जवळच्या माणसांचा अंदाज साधारण तीनांपैकी एका वेळी चुकतो, असे दिसून आले. व्हेंटिलेटर लावायचा का, असे डॉक्टरांनी विचारले, तर तुम्हाला गमावण्याच्या भीतीने मी 'लावा' म्हणेन, आणि ती इच्छा तुमची होती की नाही हे मला कधीच कळणार नाही.

म्हणून आधी एवढे सांगा, की कोणत्या अवस्थेतले जगणे तुम्हाला नकोसे होईल? बाबा, वेदना नसेल, पण आम्ही कोणी ओळखू येत नसू, तर? सुधारण्याची आशा असेपर्यंत व्हेंटिलेटर ठेवावा आणि ती संपल्यावर काढावा, असेही लिहिता येते; हा पर्याय पुष्कळांना ठाऊकच नसतो. हृदय बंद पडल्यावर ते पुन्हा चालू करण्यासाठी सीपीआर देताना छाती इतक्या जोराने दाबावी लागते की वयस्कर माणसाच्या बरगड्या अनेकदा मोडतात, हेही ठरवण्यापूर्वी तुम्हाला माहीत असावे. सीपीआर नको म्हटल्याने बाकीचे उपचार थांबत नाहीत, आणि वेदना व धाप कमी करणारी पॅलिएटिव्ह केअर तर चालूच ठेवता येते.

तुम्ही स्वतः निर्णय घेऊ शकता तोवर हे वैद्यकीय इच्छापत्र लागू होत नाही आणि केव्हाही बदलता येते. तुमचे दोघांचे म्हणणे एकच असेल असे नाही, म्हणून वेगवेगळे लिहा. तुमच्या वतीने बोलण्यासाठी दादाचे नाव घातलेत तरी मला वाईट वाटणार नाही; कठीण वेळी तो माझ्यापेक्षा स्थिर असतो. मात्र इच्छापत्र कपाटात ठेवू नका. त्याची प्रत दादाकडे आणि डॉक्टरांकडे असू द्या.

रविवारी मी येत आहे. बाबांनी लगेच उत्तर दिले नाही तरी चालेल. आई, तू बोल; मी तुझ्याच शब्दांत उतरवून घेईन.

तुमची लेक