चालकांच्या कंबरेला पट्टा कशाला?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या आरोग्य पुरवणीत ट्रकचालकांच्या कंबरदुखीवर लेख आला. आमच्याकडे कुणाचं तरी लक्ष गेलं, त्याबद्दल मनापासून आभार. पण 'जड उचलणे टाळा, भरपूर आराम करा, पट्टा वापरा' हे वाचून वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलवर चांगलाच हशा पिकला. लेखाच्या खालीच कंबरपट्ट्याची जाहिरात होती, तो योगायोगच असणार. आणि फोटोतल्या ट्रकचं स्टिअरिंग डावीकडे होतं!

जड उचलायचं नाही, तर काय करायचं ते तरी सांगा. बऱ्याच शेठ लोकांनी क्लीनर ठेवणं कधीच बंद केलंय. टायर बसला की रिमसकट शंभर किलोच्या आसपास भरणारी स्टेपनी उतरवायला लेखक येणार आहेत का? पावसात भिजलेली ताडपत्री त्यांनी एकदा मालावर ओढून बघावी.

मी न्हावा शेवा ते बेंगळुरू ट्रेलर चालवतो. एकदा साताऱ्याच्या पुढे कंबर अशी धरली की ढाब्यावरच्या पोरांनी मला केबिनमधून खाली उतरवलं. मुंबईत एका डॉक्टरांनी एक्स-रे वर धरून 'गॅप आलाय' म्हणून जाहीर केलं, अंथरूण धरायला लावलं, कंबरेला वजनं लटकवली आणि वर पट्टा दिला. गाडी बंद म्हणजे भत्ता बंद. बँकेचा हप्ता मात्र सुरूच. इतकं करून पुन्हा गाडीवर बसलो, तर क्लच दाबला की डाव्या पायात कळ.

पुढे एक फिजिओ मॅडम भेटल्या. त्यांनी पायातली ताकद तपासली, मला चालवून पाहिलं आणि पट्टा पिशवीत टाकायला सांगितला. म्हणाल्या, बसून बसून पाठीचे, कुल्ल्याचे स्नायू ढिले पडलेत, त्यांना कामाला लावा. सुरुवात साधी होती. पाठीवर झोपायचं, गुडघे दुमडायचे, कंबर वर उचलायची. ते जमल्यावर वजन. मी म्हटलं, आम्हाला जिम कुठली परवडणार आणि वेळ कुठला? तर विचारतात, 'गाडीत जड काय असतं?' युरियाची बादली! बीएस-६ म्हणजे धुराच्या नव्या नियमांतल्या गाडीला डिझेलबरोबर लागतं ते युरियाचं पाणी. वीस लिटरची बादली बावीस किलोच्या आसपास भरते. आधी संपत आलेली घ्यायची, मग हळूहळू भरलेली. बादली दोन पायांच्या मध्ये ठेवायची, गुडघे किंचित सैल, पाठ फळीसारखी सरळ, वाकायचं ते खुब्यातून, आणि कुल्ले आवळत उभं राहायचं. आठ-दहा वेळा, दम खायचा, परत. नंतर तीच बादली एका हातात घेऊन ट्रेलरभोवती फेरी, हात बदलून दुसरी. पोर्टच्या लाइनीत गाडी तशीही उभीच असते, बाकीचे मोबाइल बघतात. मॅडमची अट एकच होती: केबिनमधून उडी मारायची नाही आणि उतरल्या उतरल्या वजनाला हात लावायचा नाही. बराच वेळ बसलेला मणका लगेच भार घ्यायला तयार नसतो, आधी पाच-दहा मिनिटं चालायचं. टायर बदलायचा असला तरी हेच. दुखणं रातोरात गेलं नाही, काही महिने गेले. आजही खंबाटकी घाट उतरलो की कंबर बोलते, पण गाडी बाजूला घ्यावी लागत नाही.

ड्रायव्हरचं कोण ऐकतो म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यांत व्यायाम सुचवला आहे. पट्टे आणि ट्रॅक्शन (म्हणजे तीच लटकवलेली वजनं) सरसकट वापरू नयेत, असंही म्हटलं आहे. लेखात याचा पत्ता नाही. जे ठळक छापायला हवं होतं तेही नाही: पाय लुळा पडू लागला, जांघेत बधिरपणा आला, लघवीवरचा ताबा गेला, तर बादली-बिदली विसरायची आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

राहता राहिला 'भरपूर आराम'. पाच तासांच्या कामानंतर अर्धा तास विश्रांती हे १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्यातच लिहून झालं. घ्यायची कुठे? एक्स्प्रेस-वेच्या कडेला गाडी लावली तर चलान शेठच्या मोबाइलवर माझ्या आधी पोहोचतं. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या जड ट्रकना एसी केबिन सक्तीची केलीय, चांगलं झालं. सीटचं काय? आता गारव्यात कंबर दुखेल, एवढंच.

जाता जाता. महामार्गावरच्या शौचालयांबद्दलचं माझं मागचं पत्र आपण छापलंत, पण इतकं कापलंत की त्यात शौचालयच उरलं नाही. या वेळी जागा कमी पडली तर एसीचं काढा, शेठचं काढा, बादलीचं तेवढं राहू द्या.

— एक ट्रेलरचालक, अँटॉप हिल, मुंबई
(नाव छापू नये. शेठ आपलाच पेपर घेतात.)