आरपीसी बनवायला शिकवणाऱ्या सरांना जाहीर आभारपत्र

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

आधी प्रोपोर्शनल काउंटर, मग प्लॅस्टिक सिंटिलेटर, शेवटी काचेची आरपीसी (रेझिस्टिव्ह प्लेट चेंबर): तिन्ही कणशोधक यंत्रं. आरपीसीत दोन पाट्यांमधल्या अरुंद फटीत, म्हणजे गॅपमध्ये, गॅस असतो आणि पाट्यांवर मोठं व्होल्टेज; कण गेला की गॅसमध्ये विजेचा छोटा सिग्नल उमटतो. तुमच्या संशोधनाचा हा प्रवास शोधनिबंधांत वाचता येतो. पण काच कशी पुसायची, गोंद कुठे दगा देतो, हे तिथे छापलेलं नसतं. तेच तुम्ही कोल्हापुरातल्या आम्हा शिक्षक-विद्यार्थ्यांना हातचं न राखता दिलंत. आभार त्याचे. ही कामं पुढे कुणाला करायची असतील तर उपयोगी पडावं म्हणून हे पत्र जाहीर लिहीत आहोत.

सगळ्यात मोलाची गोष्ट व्होल्टेजची. मुंबईत समुद्रकाठी २ मिमी गॅपची जी आरपीसी १० किलोव्होल्टला चालते, ती कोल्हापुरात साधारण ९.४ लाच तशी चालते. आपण साडेपाचशे मीटर उंचीवर. हवेचा दाब १०१३ ऐवजी ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास. गॅस बबलरमधून (द्रवातून बुडबुडे सोडणाऱ्या बाटलीतून) हवेत सुटतो, म्हणून आतला दाबही जवळपास तेवढाच. विरळ गॅसमध्ये इलेक्ट्रॉनला दोन टकरींच्या मध्ये जास्त धाव मिळते आणि ॲव्हलांश, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा लोंढा, कमी व्होल्टेजला उठतो. मुंबईचा आकडा जसाच्या तसा लावला की स्ट्रीमर, म्हणजे ठिणगीसारखे मोठे डिस्चार्ज, वाढतात, करंट चढतो आणि दोष बिचाऱ्या काचेवर येतो. प्रत्येक रीडिंगशेजारी दाब आणि तापमान लिहायचा तुमचा हट्ट यासाठीच होता.

आरपीसीची मूळ कल्पना सँतोनिको आणि कार्दारेली यांची, १९८१ सालची, आणि ती बेकेलाइट या कडक प्लॅस्टिकच्या पाट्यांची. तिला आतून जवसाच्या तेलाचा लेप बरेचदा द्यावा लागतो. तुम्ही ३ मिमीची साधी फ्लोट काच घ्यायला लावलीत: पृष्ठभाग मुळातच गुळगुळीत, तेलाची भानगड नाही. ३० बाय ३० सेंटिमीटरचा तुकडा, कडा घासलेल्या, साबण, डिस्टिल्ड वॉटर आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. बाहेरच्या बाजूला व्होल्टेज देण्यासाठी ग्रॅफाइटचा स्प्रे, कडेला सेंटिमीटरभर जागा सोडून; नाहीतर ठिणगी काचेच्या काठावरून पलीकडे जाते. लेपाचा रोध दर चौरसाला १ मेगाओहमच्या आसपास हवा. फार कमी झाला तर लेपच पडद्यासारखा आड येतो आणि बाहेरच्या, सिग्नल टिपणाऱ्या पट्ट्यांवर सिग्नल नीट उमटत नाही. हा रोध मोजायला पितळी जिग (लेपावर टेकवायचा साचा) लागतो. तो बाहेरून मागवण्याऐवजी इथल्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत करून घ्या, हा सल्ला खरा कोल्हापुरी निघाला.

गळतीच्या चाचणीत उत्साह नको, असं तुम्ही बजावलंत. ५० मिमी पाण्याचा दाब ऐकायला किरकोळ वाटतो, पण ९०० चौरस सेंटिमीटरच्या काचेवर तो साडेचार किलोचा जोर होतो, आणि तो थेट स्पेसरच्या, म्हणजे दोन काचांमधलं अंतर राखणाऱ्या, चिकटवलेल्या बटणांवर येतो. एक बटण सुटलं की मध्ये गॅप फुगते आणि तेवढ्या भागाची कार्यक्षमता घसरते. आधी इपॉक्सी पूर्ण दिवस वाळू द्यायचं, मग मॅनोमीटर (दाबमापक).

पावसाळ्याचं प्रकरण मात्र वेगळं. जून ते सप्टेंबर इथली हवा ओली असते आणि प्लॅस्टिकच्या नळ्यांमधून पाण्याची वाफ सावकाश आत झिरपते. आतला मुख्य गॅस आर-१३४ए (फ्लोरीन असलेला, फ्रिजमध्ये वापरला जाणारा वायू) डिस्चार्जमध्ये तुटला की ओलाव्यासोबत हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं. ते काचेचा आतला पृष्ठभाग खातं, आणि मग करंट चढतच राहतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जपानच्या बेल (Belle) या कणभौतिकीच्या प्रयोगातही ओलाव्याने हेच घडलं होतं. तिथे नळ्या तांब्याच्या केल्या. तुम्ही इथे पहिल्यापासूनच तांब्याची नळी घ्यायला लावलीत. नळीवर जास्त खर्च करा, काचेवर कमी: बजेटच्या तक्त्यात हे विचित्र दिसतं, पण बरोबर आहे.

गॅपचं आकारमान १८० घन सेंटिमीटर, म्हणून मिनिटाला ३ घन सेंटिमीटर गॅस सोडला की तासाला एक बदल. असे दहा-बारा बदल झाल्याशिवाय एचव्हीला (हाय व्होल्टेजला) हात लावायचा नाही. मिश्रण ९५.२ टक्के आर-१३४ए, ४.५ टक्के आयसोब्युटेन, ०.३ टक्के एसएफ-६ (सल्फर हेक्झाफ्लोराइड). बबलरमागची नळी खिडकीबाहेर.

कार्यक्षमता (चेंबरमधून गेलेल्या कणांपैकी किती टक्के दिसले) सांगताना सोबत त्रुटीही सांगायची, हेही तुमचंच. आकाशातून येणाऱ्या म्यूऑन कणांपैकी हजारांतले ९५० दिसले तर ९५ टक्के, अधिक-उणे ०.७. दोन चेंबरमध्ये अर्ध्या टक्क्याचा फरक दाखवायचा तर एवढ्या मोजणीत तो दिसणारच नाही.

गॅसचा प्रश्न पुढेही राहणारच. आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून जास्त उष्णता धरतो, एसएफ-६ तर वीस हजारपटींहूनही जास्त. कमी उष्णता धरणाऱ्या एचएफओ (हायड्रोफ्लोरोओलेफिन) वायूंवर प्रयोग चालू आहेत, पण त्यांना जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून दोन्ही बाजूंचे एचव्ही सप्लाय घेतानाच वर वाव ठेवायला तुम्ही सुचवलंत. प्रत्येकी ६ किलोव्होल्टपर्यंत जाणारे, म्हणजे दोन्ही मिळून १२, घेतले आहेत.

आपले नम्र,
कोल्हापुरातले डिटेक्टरवाले शिक्षक आणि विद्यार्थी